चाकांवरचं वर्कशॉप

दरेकर काकांच्या हातातून कुठलीही वस्तू घेताना ती जरा ओढावी लागायची. ते वस्तू पुढे करायचे, पण सोडायचे नाहीत. आपण ती कशासाठी नेतोय हे सांगितलं की मग त्यांची बोटं सैल व्हायची. एकदा आमच्या दारात सत्यनारायणाच्या प्रसादाची वाटी घेऊन आले आणि आईने ती धरली तरी सोडेनात. आई गोंधळून म्हणाली, "खायला." तेव्हा वाटी सुटली.

सगळी नोकरी त्यांनी एका शुगर फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये काढली होती. पाने, बेअरिंगं, पट्टे, ग्रीसचे डबे लोकांना द्यायचे आणि परत आलं की जागेवर ठेवायचं. हत्यारं आयुष्यभर त्यांच्या हातातून गेली, पण त्या हत्यारांनी कामं केली ती दुसऱ्यांनी. रिटायर झाल्यावर घरीच लाकूडकामाचं वर्कशॉप काढायचं हे त्यांनी नोकरीत असतानाच ठरवलं होतं, असं काकी सांगायच्या. नवऱ्याने संन्यास घ्यायचं ठरवलंय, असं सांगताना बायकोचा चेहरा होईल तसा तेव्हा काकींचा व्हायचा.

नगरच्या बाहेरच्या अंगाला आमची कॉलनी आहे. त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच, आणि माझ्या खोलीची खिडकी त्यांच्या पोर्चवर उघडते. त्या वर्षी मी पुण्याहून परत आले होते आणि घरून काम करत होते. बाबा फेब्रुवारीत गेले होते. त्याविषयी मी इथे फारसं लिहिणार नाही. मी दिवसभर लॅपटॉपसमोर बसायचे, खिडकी उघडी असायची आणि समोर जे होईल ते दिसायचं. बघायला काही वाटावं लागत नाही.

काकांना वर्कशॉपसाठी जागा म्हणाल तर तो पोर्चच होता. गच्चीवर टाक्या आणि सोलर, मागे हातभर बोळ. पण पोर्चमध्ये प्रशांतदादाची गाडी लागायची. प्रशांतदादा त्यांचा एकुलता एक मुलगा, एका फायनान्स कंपनीत नोकरीला. सकाळी नऊला जायचा आणि संध्याकाळी सहा वाजून गेले की यायचा. तेव्हा बापलेकात असं ठरलं, की गाडी गेली की पोर्च काकांचा आणि गाडी यायच्या आत पोर्च रिकामा. एका संध्याकाळी जरी यंत्रं आडवी आली, तरी वर्कशॉप बंद.

हे काकांनी मला कंपाऊंडच्या भिंतीवरून सांगितलं. त्यात तक्रार नव्हती.

"प्रशांतचं म्हणनं बरोबरच हाय पोरी. गाडी रस्त्यावर कशी ठेवायची? पर सहाला मोकळं करून दिलं तर त्याला काय अडचण न्हाई. म्हंजी प्रश्न मशीनचा न्हाईच. मशीनच्या खाली काय लावायचं, येवढाच हाय."

त्यांनी मला हे सांगण्याचं कारण म्हणजे यंत्रांच्या खाली काय लावायचं याचे चांगले व्हिडिओ इंग्रजीत होते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मला कोणाशी बोलायला फार जमत नाही, पण कोणी बोललेलं दुसऱ्याला सांगायला जमतं. दुपारी जेवण झालं की ते भिंतीपाशी मोबाईल घेऊन यायचे आणि मी त्या परदेशी माणसांचं म्हणणं मराठीत सांगायचे. काका ऐकता ऐकता मान हलवायचे, जणू तो माणूस समोर बसलाय.

सुरुवात घोड्यांपासून झाली. लाकूड कापताना ते आडवं ठेवायला दोन घोड्या लागतात. वर एक जाड पट्टी आणि खाली फाकवलेले चार पाय. बाजारात प्लॅस्टिकच्या घडीच्या मिळतात, लोखंडी मिळतात. मी त्यांना लोकांचे अभिप्राय वाचून दाखवायचे आणि काका मध्येच थांबवायचे. साडेचार स्टार दिलेला माणूस किती वजनाचा आहे? ते लिहिलेलं नसायचं. त्याच्या घरी फरशी आहे की कोबा? तेही नसायचं. "मग स्टार कशाचे दिले ह्यानं?" असं म्हणून ते पुढच्या माणसाकडे वळायचे. असे तीन आठवडे गेले. शेवटी एका रविवारी ते काष्टीजवळच्या आपल्या भावाच्या रानातून बाभळीचं लाकूड घेऊन आले आणि घोड्या आपणच करणार म्हणून सांगितलं.

इथे एक गोष्ट सरळ लिहायला हवी. काकांचा हात चांगला नव्हता. हत्यार कसं ठेवायचं, तेल किती द्यायचं हे त्यांना पाठ होतं, पण करवत धरली की ती त्यांच्या मनाप्रमाणे जात नसे. दोन्ही घोड्या झाल्या तेव्हा एक दुसरीपेक्षा बोटभर उंच होती.

काकी दारात उभ्या राहून दोघींकडे बघत म्हणाल्या, "एक थोरली, एक धाकटी. जावाजावा केल्या का हो?"

काकांनी थोरलीचे पाय कापले. मग ती धाकटी झाली. मग दुसरीचे कापले. हे दोन-तीन दिवस चाललं. शेवटी दोन्ही सारख्या झाल्या, पण इतक्या बुटक्या की काकांना कापताना कमरेत वाकावं लागायचं. काकी म्हणाल्या, अजून जरा कापा, म्हणजे जेवायला बसायला पाट होतील. काकांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी मला गेटमधून आत बोलावलं आणि घोडीवर बसायला सांगितलं. मी बसले. ते खाली उकिडवे बसून माझ्याकडे न बघता चारही पायांकडे बघत राहिले.

"हललं का?"

मी नाही म्हटलं. त्यावर ते उठले आणि हात झटकले. त्यांच्या दृष्टीने काम उत्तम झालं होतं. घोडी उंच की बुटकी हा प्रश्न नंतरचा. ती हलता कामा नये.

हलणारी वस्तू त्यांना बघवत नसे. कुठेही गेले की टेबलाचा एक कोपरा अंगठ्याने दाबून बघायचे. लग्नाच्या मांडवात जेवणाची पंगत बसलेली असताना हे टेबल दाबत पुढे चाललेले, आणि मागून काकी "अहो, चला की" म्हणत. बाबांच्या तेराव्याला आमच्या हॉलमध्ये ज्या टेबलावर फोटो ठेवला होता त्याचाही कोपरा त्यांनी दाबला. ते टेबल कित्येक वर्षं डुगडुगत होतं. काकांनी खिशातून कसलंसं कार्ड काढलं, त्याची घडी केली, वाकून एका पायाखाली सरकवली, पुन्हा दाबून बघितलं. मग फोटोला हात जोडले. हॉलमध्ये खूप लोक होते. ते कोणाच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही.

घोड्या भिंतीवर टांगता यायच्या, त्यामुळे संध्याकाळी त्यांचा प्रश्न नव्हता. प्रश्न यंत्रांचा होता. एक ड्रिल मशीन, एक रंधा मशीन आणि एक कटर, म्हणजे टेबलाच्या मधोमध गोल पातं फिरतं ते. बंद पडलेल्या एका फर्निचरच्या दुकानातून ते आणलं होतं आणि त्याला दोघांनी उचलावं लागायचं. ड्रिलसाठी काकांनी काकींच्या जुन्या शिलाई मशीनचा लोखंडी स्टँड घेतला. काकी आठवडाभर तुटक बोलत होत्या. त्यांचं म्हणणं, मशीन बंद होतं हे खरं, पण ते माहेरचं होतं. सगळ्या स्टँडना काकांनी खाली चार चार चाकं बसवली.

आमच्याकडे पोर्चला गेटच्या दिशेने उतार असतो. फरशी धुतली की पाणी बाहेर जावं म्हणून गवंडी न सांगताच तो देतो. इतका नेहमीचा, की तो आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. व्हिडिओतल्या एकाही गॅरेजला असा उतार नव्हता. एप्रिलमध्ये काकींनी पोर्चच्या गेटजवळच्या उन्हात खाटेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. काका पाणी प्यायला आत गेले आणि मी खिडकीतून बघत असताना ड्रिलचा स्टँड निघाला. सावकाश. कोणीतरी त्याला बोलावल्यासारखा तो पोर्चभर चालत गेला आणि खाटेला जाऊन धडकला. खाट एका बाजूला कलली.

काकी बाहेर आल्या. त्यांनी फरशीवर पसरलेल्या कुरडयांकडे बघितलं, स्टँडकडे बघितलं, आणि आत तोंड करून शांतपणे म्हणाल्या, "माझी मशीन माझ्याकडं निघाली हुती बघा. तिला कळतं."

त्यानंतर काका लॉकवाल्या चाकांच्या मागे लागले. बाजारातली लॉकची चाकं त्यांना हलकी वाटली. एक दिवस ते भंगारवाल्याकडून भारी चाकं घेऊन आले आणि कटरला लावली. मोठी, करडी रबरी चाकं. प्रत्येकाला पायाने दाबायची तांबडी पट्टी. दाबली की चाक जागच्या जागी घट्ट.

त्यांनी मला दाखवायला बोलावलं. मी भिंतीपर्यंत गेले. ती चाकं कुठल्या वस्तूची होती हे मला लगेच कळलं. जानेवारीचा सगळा महिना मी तशी तांबडी पट्टी रोज पायाने दाबत होते आणि सोडत होते. बाबांची कॉट खिडकीकडे न्यायची, परत भिंतीला लावायची. काका सांगत होते की ही चाकं किती वजन घेतात. मी छान आहेत म्हटलं आणि मीटिंग आहे सांगून आत आले. रडू वगैरे आलं नाही. खिडकी लावून घेतली, इतकंच. कटरचा आवाज फार येतो असं आईला सांगितलं.

दोन दिवसांनी खिडकी उघडली तेव्हा कटरखाली दुसरी चाकं होती. काळी, नवी, साधी. काका भिंतीपाशी आले आणि स्वतःहून म्हणाले, "ती काढून टाकली. लई आवाज करत हुती."

ती चाकं आवाज करत नाहीत. रात्री झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणूनच ती तशी केलेली असतात.  पण काकांनी लगेच मोबाईल पुढे केला आणि म्हणाले, हा माणूस बघ काय म्हणतोय.

तो माणूस म्हणत होता, की काम करताना यंत्र चाकांवर उभं असूच नये. बाजूला एक दांडा असावा. तो दाबला की चाकं खाली यावीत आणि यंत्र उचललं जावं, म्हणजे ढकलत नेता येतं. दांडा सोडला की चाकं वर, आणि यंत्र आपल्या पायांवर. काकांनी तो व्हिडिओ माझ्याकडून चार वेळा ऐकला. मग वेल्डिंगवाल्याला व्हिडिओ दाखवून तशा तीन चौकटी करून घेतल्या. उताराच्या बाजूचे पाय किंचित लांब ठेवायला त्याला सांगितलं. या वेळी माप त्यांनी चुकवलं नाही, कदाचित कापायचं काम दुसऱ्याकडे होतं म्हणून.

त्यानंतर दीडएक वर्ष ते वर्कशॉप व्यवस्थित चाललं. त्यात काय तयार झालं असं विचारलं तर सांगायला अवघड आहे. एक स्टूल झालं. काकींच्या डब्यांसाठी एक मांडणी झाली, ती जराशी डावीकडे झुकलेली होती आणि काकींनी ती तशीच स्वयंपाकघरात लावली. बाकी बराचसा वेळ एका यंत्रासाठी दुसऱ्या यंत्रावर काहीतरी करण्यात जायचा. ड्रिलला पाठीमागे आधार, रंध्याच्या बाजूला फळी, घोड्या टांगायचे खुंट. एकदा मी विचारलं, आता पुढे काय करणार? ते म्हणाले, "करू की. आधी सगळं नीट उभं तर राहू दे."

मला वाटतं त्यांना सगळ्यात आवडायची ती सहाच्या आतली वेळ. साडेपाचला ते पातं बंद करायचे, भुसा गोळा करायचे, आणि मग आवराआवर. दांडा दाबायचा, रंधा मशीन जिन्याखाली. ड्रिल त्याच्या पुढ्यात. घोड्या खुंटावर. कटर शेवटी, माझ्या खिडकीखालच्या कोपऱ्यात, बरोबर भिंतीला लागून. मग फरशीवर पाणी मारायचं. गाडी आत यायची तेव्हा पोर्च ओला आणि रिकामा असायचा. प्रशांतदादा थोडा वेळ गाडीतच मोबाईल बघत बसायचा आणि मग घरात जायचा. त्या पोर्चमध्ये दिवसभर काय चालतं हे त्याने बहुधा कधी बघितलंच नाही. ते तसं दिसू नये यासाठीच काकांनी सगळी मेहनत घेतली होती.

मग खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा असते. काकांनी सकाळपासून यंत्रं पुसली, प्रत्येकाला हळद-कुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. चौकटींचे दांडे सुद्धा त्यांनी सोडले नाहीत. पूजा झाली की हत्याराला हात लावायचा नाही, ते जागचं हलवायचं नाही, ते दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत. फॅक्टरीत असतानाही त्या दिवशी ते स्टोअरला कुलूप लावायचे. एकदा म्हणे खुद्द साहेब एका पान्यासाठी दारात उभे राहिले आणि ह्यांनी चावी काढली नाही. आजच्या दिवस ती आपली नसतात, एवढंच सांगितलं. आदल्या वर्षी खंडेनवमीला प्रशांतदादा कामासाठी बाहेरगावी होता, म्हणून प्रश्न आला नव्हता.

या वर्षी साडेसहाला गाडी गेटशी येऊन थांबली. नवी गाडी, घेऊन महिनाही झाला नव्हता. पोर्चच्या मधोमध तीन यंत्रं माळा घालून उभी होती. प्रशांतदादा खाली उतरला. काका पायरीवर होते. मी खिडकीशी होते.

"बाबा, गाडी?"

"आज हलवता येत न्हाई रे. पूजा झालीय."

"चाकं आहेत की सगळ्यांना."

"व्हय," काका म्हणाले. "हायेत."

ते पायरीवरून उठले नाहीत. काकी आतून आल्या, दोघांकडे बघितलं आणि तशाच आत गेल्या. प्रशांतदादाने आवाज चढवला नाही. गाडी मागे घेतली आणि रस्त्यावर झाडाखाली लावली.

सकाळी गाडीच्या एका बाजूला, पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत, ओरखडा होता. कोणी ओढला ते कळलं नाही. सोनं द्यायला लोक येत होते आणि जाताना गाडीपाशी थांबून हळहळत होते. काका प्रत्येकाला आपट्याचं पान देत होते.

त्या घरात भांडण झालं असतं तर मला भिंतीतून ऐकू आलं असतं. भांडण झालं नाही. दोन दिवसांनी रात्रीच्या जेवणाच्या वेळी प्रशांतदादाचं एवढंच ऐकू आलं, "मी काही म्हणत नाही. तुम्हीच ठरवा, बाबा." आमच्या घरांमध्ये हे वाक्य ठरवून झाल्यावर बोलतात.

दुसऱ्या दिवशी काका भिंतीपाशी आले ते यंत्रं विकायची जाहिरात मोबाईलवर टाकून दे म्हणून. मी फोटो काढले. मी सहसा कोणाला काही विचारत नाही, पण तेव्हा विचारलं, की त्या संध्याकाळी हलवली असती तर?

काका कटरकडे बघत होते.

"रोज मी हलवतो ती माझ्या मनानं हलवतो. त्या दिशी हलवली असती तर मग वर्कशॉप कशाला म्हनायचं? नुसतं गाडीच्या आड येनारं सामान झालं असतं." मग म्हणाले, "फोटोत दांडा दिसू दे. घेणाऱ्याला कळंल कसं चालतं."

दिवाळीनंतर खर्ड्याचा एक फर्निचरवाला टेम्पो घेऊन आला. उचलायला चार माणसं आणली होती. त्यांना काही करावं लागलं नाही. काका एकेक दांडा दाबत गेले, यंत्रं आपापल्या चाकांवर उतारावरून गेटपर्यंत गेली, फळीवरून टेम्पोत चढली. चहा व्हायच्या आत पोर्च मोकळा झाला. टेम्पोवाला म्हणाला, "काका, लई सोपं केलं तुमी."

काकांनी त्या फर्निचरवाल्याला दांड्याचं काम समजावून सांगायला सुरुवात केली. तो चांगला माणूस होता, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, आमच्याकडं जागा रगड हाय, मशीन एकदा ठेवलं की हलवायचं काम न्हाई. चौकटी काढून ठेवीन, लोखंड कुठंतरी कामाला येईल.

"बरोबर हाय," काका म्हणाले.

त्याने घोड्यांनाही हात घातला. तेव्हा काकी दारातून म्हणाल्या, त्या राहू द्या, गाद्या वाळवायला लागतात. गाद्या त्या गच्चीवर वाळवायच्या. पण घोड्या राहिल्या.

जानेवारीत मला ऑफिसने परत बोलावलं. जायच्या आदल्या दिवशी मी खोली आवरत होते आणि खिडकी उघडी होती. पोर्चमध्ये काही नव्हतं. मधोमध काका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर. मोबाईल नव्हता, पेपर नव्हता. ऊन पायावरून सरकत गेटपर्यंत गेलं तरी ते बसून होते. मी पुस्तकं खोक्यात भरली, कपडे भरले, मध्ये आईने चहा दिला तो प्यायले. सहाच्या सुमाराला काका उठले. खुर्ची उचलून जिन्याखाली ठेवली. नळी लावून फरशीवर पाणी मारलं, नळी गुंडाळली, गेट उघडलं. मग मागे सरकत सरकत खिडकीखालच्या कोपऱ्यात गेले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

गाडी आत आली.